तक्रार कुणाकडे करावी

हाटेलात धूर नको म्हणून मी सगळा धूर एकदा स्वतःच्याच तोंडावर घेतला आणि वर शहाणी म्हणून मिरवले. आता त्या मागच्या पत्र्याच्या छपरात नातीची सायकल असते, उन्हाळ्यात मिरच्या असतात. पण तेव्हा तिथं भज्यांची चूल होती, चुलीपुढं मी होते आणि माझ्या पाठीशी बाकडी टाकून बिडी-सिगारेटवाली गिऱ्हाइकं मीच आणून बसवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. अक्कल माझीच.

मालक, म्हणजे आमचे यजमान, फौजेतून पेन्शनीत आले आणि उंब्रजच्या अलीकडं हायवेला आम्ही हाटेल टाकलं. चहा, भजी, मिसळ. गल्ल्याच्या वरच्या फळीवर सिगारेटची पाकिटं. मग कायदा आला, छपराखाली चार माणसं बसतात तिथं ओढायचं नाही. जीपमधून एक साहेब आले, म्हणाले, दारात बोर्ड पाहिजे. वर लिहायचं, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे. आणि खाली, तक्रार कुणाकडे करावी, त्या माणसाचं नाव.

"माझं नगं," मालक म्हणाले. "मी गिऱ्हाइकाशी भांडणार न्हाई. तुला भांडायची हौस हाय, तुझं घाल."

पेंटरनं माझं नाव लाल रंगात काढलं. लग्नाची पत्रिका आणि रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव कधी कुठं लिहिलेलं नव्हतं. मी खुळावलेच. हिरवं इरकल नेसून बोर्डाखाली फोटो काढून घेतला. तो फोटो अजून कपाटात आहे. बाई अशी दात काढून उभी आहे, जशी काही जिल्ह्याची कलेक्टर. पन्नाशी उलटली होती तिची, पण पोच म्हणून नव्हता.

दुसऱ्याच दिवशी उसाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर अर्धा चहा टाकून उठला आणि पुढच्या हाटेलात जाऊन बसला. मालकांचं तोंड उतरलं. तेव्हा मी मागं बाकडी टाकायला लावली. म्हटलं, बोर्ड पुढच्या दाराला आहे, कायदा पुढच्या दारानं आला, मागं त्याला कुणी बोलावलंय? गिऱ्हाइकं टिकली, गल्ला टिकला. दिवसभर माझे डोळे चुरचुरायचे, मी चुलीला शिव्या द्यायची.

पुढं कधीतरी साहेब पुन्हा आले. बोर्डाची अक्षरं बघितली, माझं कौतुक केलं आणि मग हळूच म्हणाले, "मावशी, मागं जागा हाय म्हणं?" माझ्या चुलीपाशी बसून त्यांनी सिगारेट पेटवली. पाकीट विकत घेतलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, "साहेब, एवढं वाईट हाय तर सरकार हे बंदच का करत न्हाई?"

"मावशी, ह्या पाकिटातलं लय सरकारलाच जातंय. बंद केलं तर तुमच्या दारातला रस्ता कशावर व्हायचा?"

मला तो विनोद वाटला. मी हसले, वर त्यांना गरम भजी वाढली. आता आठवलं की डोकं तडकतं. पाकिटावर सडलेल्या तोंडाचा फोटो छापायचा आणि त्याच पाकिटावर कर घ्यायचा. माझ्या दारात गुन्ह्याचा बोर्ड ठोकायचा आणि गुन्हा थांबला तर तिजोरीचं कसं, म्हणून मनात धाकधूक. बजेट आलं की टीव्हीवर सांगतात, सिगारेट महाग केली, जनतेच्या आरोग्यासाठी. आरोग्यासाठी असेल तर मग त्यातून किती पैसा जमणार ते आधीच कशाला धरून ठेवता? वाईट असेल तर बंद करा, नसेल तर माझा बोर्ड उतरवा. आम्ही पाकिटं ठेवायची बंद केली तेव्हा गल्ला हलका झाला, मालक अजून कुरकुरतात, पण हाटेल चाललंय. आमच्या एवढ्याशा टपरीला जे जमलं ते एवढ्या मोठ्या सरकारला जमत नाही.

पण आम्हालाही ते आपसूक जमलेलं नाही.

माझे गुडघे गेले, तेव्हा मागची चूल सुनेनं घेतली. लेक फौजेत, लांब बर्फात. सुनेला दिवस गेले आणि तिला खोकला लागला. रात्री तिचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा. कराडला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी विचारलं, "घरात कोण ओढतं?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "कुणी न्हाई. आमच्यात बोर्डच हाय."

सून माझ्याकडं बघत राहिली. बाईंनी तिला विचारलं, "दिवसभर कुठं असतेस?"

"चुलीपाशी."

"आणि तिथं अजून कोण असतं?"

"लय माणसं असत्यात," सून म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ओढणारा कोण आणि शेजारी बसणारा कोण, पोटातल्या जिवाला कळत नाही. हिला तिथून उठवा.

आम्ही एसटीनं परत निघालो. मी मनात म्हणत होते, बघू, दोन दिवसांनी करू काहीतरी. हाटेलात पोचलो तर संध्याकाळची गर्दी. सून पदर खोचून मागं गेली आणि मी गल्ल्यावर बसले. नेमकं त्याच दिवशी टीव्हीवर बजेट चाललं होतं, सिगारेट महाग झाली होती. माझं तोंड सुटलं. वर लिहिलंय तेच सगळं, याहून तिखट. सरकारला लाज कशी नाही, लोकांच्या छातीवर पैसा कसा काढतात. गिऱ्हाइकं माना डोलवत होती, मला अजून चेव येत होता. बोलता बोलता एकानं नोट पुढं केली, मी वरच्या फळीवरचं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं आणि हनुवटीनं मागची वाट दाखवली.

"मागं बसा."

तेवढ्यात सून मागून आली. हातात झारा, पोटाशी दुसरा हात. खोकल्याची उबळ जाईपर्यंत दाराला धरून थांबली. मग बोर्डाखाली जाऊन उभी राहिली आणि शाळेत धडा वाचावा तसा तिनं तो मोठ्यानं वाचला, पहिल्या ओळीपासून खालच्या लाल नावापर्यंत. सासूचं नाव तिनं तोंडानं घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. टीव्ही तेवढा बोलत होता. माझ्याकडं वळून ती म्हणाली,

"आत्या, सरकार लय लांब हाय. हितं तक्रारीला तुमचं नाव लिवलंय. माझी तक्रार हाय."