ओठांवरून कळलेलं गाणं

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा. विसार अकरा हजार रुपये, रोख. हजर माणसं चार: कार्यक्रमाचे आयोजक, माझा थोरला भाऊ, माझी बायको आणि मी. जिच्यासाठी विसार दिला ती आमची मुलगी मुंबईत होती. मानधनाचं तिचे कार्यक्रम बघणाऱ्या ऑफिसशी आधीच ठरलं होतं. हे पैसे म्हणजे आयोजकांच्या शब्दांत "घरच्या उंबऱ्यावरचा शकुन."

मुलगी रॅप करते. आता सोलापुरात तिची ओळख करून द्यावी लागत नाही. एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं गाडीवर तिची गाणी ओरडत जातात. पण आपल्या गावात तिने कधी कार्यक्रम केला नव्हता, आणि तिच्या आईने तिला स्टेजवर कधी पाहिलं नव्हतं. हिची एकच इच्छा होती. एकदा समोर बसून लेकीचं गाणं समजून घ्यायचं.

'ऐकायचं' असं मी लिहिलं नाही, कारण हिला फारसं ऐकू येत नाही. लग्नाआधीपासून ही यंत्रमागांच्या शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे विणताना लागणारं सूत छोट्या कांड्यांवर गुंडाळायची. त्या खडखडाटात कान गेले. श्रवणयंत्र आहे, पण गाणं लागलं की त्यातून नुसती घरघर येते. शेडमधली माणसं एकमेकांशी ओठांवरूनच बोलतात, एकेक अक्षर तोंडाने घडवून दाखवतात. मुलगी शाळा सुटली की तिथे जायची आणि आईशी तशीच बोलायची. मी त्याच कारखान्यात हिशेब लिहायचो. ऑफिसच्या काचेतून दोघींच्या गप्पा दिसायच्या. आवाज काही यायचा नाही, तरी बहुतेक कळायचं.

कॉलेजात असताना तिने मैत्रिणींबरोबर गच्चीवर पहिला व्हिडिओ केला. त्यात मराठी, आमच्या घरची तेलुगू आणि गल्लीतली दखनी, सगळं एका दमात होतं. माझ्या भावाने तो पाहिला.

"हे गाणं हाय व्हय? नळावर बाया भांडतात, तेच की!"

"पण काका, यमक बघा की."

"भांडणाला यमक कशाला लागतंय?"

"समोरच्याच्या लक्षात राहायला."

भावाने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "परत लाव."

मुंबईला गेल्यावर एका कंपनीने तिला शब्द जरा चावून म्हणायला सांगितलं, हल्ली तसंच चालतं म्हणे. ती नाही म्हणाली आणि ते काम गेलं. फोनवर तिने मला एवढंच विचारलं, "नाना, मग अम्माला कसं कळणार?" पुढे तिचं नाव झालं ते नेमकं यासाठीच. कितीही वेगात म्हटलं तरी तिचा शब्द न शब्द कळतो. हे श्रेय ती मुलाखतींत आईला देते. मी तपासून पाहिलं तरी तो जमाखर्च मला बरोबरच वाटतो.

कार्यक्रमासाठी मी आयोजकांकडे एकच गोष्ट मागितली होती, पहिल्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तालमीलाच आम्ही त्यांवर जाऊन बसलो. मुलीने एक गाणं पूर्ण म्हटलं आणि स्टेजच्या कडेला येऊन वाकली.

"अम्मा, कळलं?"

"काय कळणार? गातेस का माईक खातेस?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मोबाइलवर हिने तिची सगळी गाणी ओठांवरून वाचली होती, कारण व्हिडिओत तिच्या हातात माईक नसतो. स्टेजवर माईक थेट तोंडावर. ओठ वाचून संसार केलेल्या आम्हा तिघांना एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती.

हिचा चेहरा उतरला. "राहू दे. लोक नाचतील, ते बघीन की मी."

मुलगी साउंडवाल्या चाचांकडे गेली. "चाचा, कानाला अडकवायचा माईक आहे का? नाचवाले लावतात तो?"

"दुकान में है. पर बेटी, उसमें आवाज पतला आता, ऊपर से सीटी मारता. लोगां मेरेकू गाली देते."

"शेवटचं एकच गाणं."

"तेरा नाम खराब हुआ तो?"

"होऊ द्या."

चाचांनी एकदा हिच्याकडे पाहिलं आणि दुकानात फोन लावला.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. शेवटच्या गाण्याआधी मुलीने हातातला माईक ठेवला आणि दुसरा कानाला अडकवला. आवाज खरोखरच बारीक झाला. मध्येच शिट्टी वाजली, मागून कुणीतरी "ओ, आवाज!" म्हणून ओरडलं. चाचा दोन्ही हातांनी बटणं फिरवत होते. दुसऱ्या कडव्याला वेग वाढला तशी हिने तळहात खाली दाबला, शेडमध्ये करतात तसा, आणि ओठांनी म्हणाली, "हळू."

मुलीने ते स्टेजवरून वाचलं. बीट पुढे पळत राहिला आणि ती सावकाश, एकेक शब्द मांडत, मागून चालत आली. लोकांना वाटलं, गाणं असंच आहे. त्यांनी टाळ्यांनी ठेका धरला. पुढे एका ओळीवर ही खळखळून हसली, मागचं मैदान हसायच्या जरा आधी.

आयुष्यात मला जे मिळालं त्यातलं बरंचसं मोजता आलं. हे नाही आलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या माईकचं भाडं आयोजकांच्या खर्चात धरलेलं नव्हतं. सामान टेम्पोत चढत असताना मी चाचांना आकडा विचारला.

"चार सौ होता. पर तुम नक्को देव."

हिने त्यांचे ओठ वाचले आणि पर्स उघडली. चारशे रुपये, साउंडवाल्या चाचांना, हिच्या हातून.