कुऱ्हाडीच्या चित्राची गोष्ट

गुरुवर्य भास्कररावांची व माझी पहिली गाठ नाशिकच्या शिक्षकशाळेत पडली. मानसशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी मला घरची माणसे किती, असे विचारले आणि लगेच म्हणाले, "सांगायचे नसेल तर राहू द्या हं." मागच्या बाकावर आम्ही खूप हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

पुढे बुद्धी मोजण्याच्या विलायती कसोट्या मी मराठीत उतरवल्या आणि पेठ तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर गेलो. अंगात पदवीचा ताठा होता. एकेका मुलाला खोलीत बोलवायचे, वही उघडायची आणि चित्र दाखवायचे. दांडा नसलेल्या कुऱ्हाडीचे चित्र पुढे धरून, यात काय कमी आहे, असे मी विचारी. सगळ्यांचे उत्तर एकच, "नाय ठावं." एक मुलगी तर रडतच म्हणाली, "कुऱ्हाड आमची नाय." मी सर्वांच्या नावांपुढे 'मंदबुद्धी' असा शेरा लिहिला आणि अहवाल शिक्षणखात्याच्या कचेरीत पाठवला. अशा मुलांना शाळा कशाला, अशी भाषा कचेरीत सुरू झाली.

भास्कररावांनी अहवालाची नक्कल वाचली. ते रागावले नाहीत. मला घेऊन पाड्यावर गेले आणि त्या मुलीच्या आजीजवळ ओट्यावर बसले. त्यांनी चित्राची गोष्ट काढली, तेव्हा म्हातारी बोलू लागली.

"वही घेऊन जंगलचा शिपाई येतो. कुऱ्हाड कोनाची, इचारतो. मंग बापाला धरून नेतो. नाय ठावं म्हणा, आमीच शिकवलं पोरांना."

माझी मान खाली गेली. मुले शहाणी होती, अडाणी मीच होतो. भास्कररावांनी मी मुलांना काय विचारले, कशासाठी विचारले, कुठे लिहिले, हे सारे म्हातारीला समजावून सांगितले आणि हात जोडून क्षमा मागितली. मग कचेरीला पत्र लिहून सर्व दोष स्वतःकडे घेतला. माझे नावसुद्धा त्यात नव्हते. त्या पत्रापायी शिक्षण समितीवरची त्यांची जागा गेली, पण पाड्यावरची शाळा राहिली.

गुरुवर्यांच्या गौरवग्रंथाला हा लेख देण्यापूर्वी मी पाड्यावर विचारून आलो. म्हातारीने होकार दिला, मात्र पोरीचे नाव घालू नको म्हणाली, म्हणून ते येथे नाही. गुरुवर्यांना साठ वर्षे पूर्ण झाली, त्यांना काय सांगू, असे मी विचारले. ती म्हणाली, "मास्तरला आमी अजून पुरते ठावं नाय. लय वरसं जगू दे त्याला."

आम्हा सर्व शिष्यांचेही देवाजवळ एवढेच मागणे आहे.