रस्ता ओलांडणारी मेमरी

क्युबातल्या सान्तियागोच्या त्या चढाच्या गल्लीत डाव्या बाजूला वीज असली की उजवीकडे नसते, आणि उजवीकडे आली की डावीकडची गेलीच म्हणून समजा. दोन्हीकडे एकदम वीज असल्याचं सांगणारे लोक आहेत, पण त्यांची आता वयं झाली.

ओनेलिया डावीकडची. नवरा हवानाला नोकरी बघायला गेला, तो अजून बघतोय. तिकडे मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की मोठा सोहळा असतो; त्यातले झालरीच्या झग्यातले फोटो ती लॅपटॉपवर सजवते. मुरुमं जातात, कंबर बारीक होते आणि पाठीमागे समुद्र येतो. समोरचा विधुर सिरो कोंगा ढोल बडवणाऱ्यांच्या गाण्यांतली खरखर काढतो. दोघांचे लॅपटॉप जुने, एकाच जातीचे, बॅटऱ्या शोभेपुरत्या. आणि मेमरीची मोठी पट्टी दोघांत मिळून एक. ती नसली की यंत्र नुसतं विचार करत बसतं. म्हणून वीज जिकडे, पट्टी तिकडे. डावीकडे "आली!" असा ओरडा झाला की सिरो पट्टी सिगारेटच्या चांदीत गुंडाळून रस्ता ओलांडायचा आणि ओनेलियाच्या लॅपटॉपचं झाकण उघडून बसवायचा. शेवटचा स्क्रू कॉफी संपेपर्यंत काही बसत नसे. ओनेलियाने कधी घाई केली नाही.

मग अमेरिकेतून, टँपाहून, ओनेलियाला तिच्या भाचीने नवा लॅपटॉप पाठवला. पापडासारखा पातळ, एका चार्जिंगवर दिवस काढणारा.

"सुटलीस गं बाई!" शेजारची निएवेस म्हणाली.

ओनेलिया हसली. पट्टी नको, म्हणजे सिरोला यायचं कारणच उरलं नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओरडा झाला आणि सिरो चांदीसकट दारात हजर. त्याने नवं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

"याची मेमरी आतच डाख देऊन टाकलीय. काढता येत नाही, घालता येत नाही. त्यानेही वीज वाचते म्हणा."

"मग?"

"मग काय? पट्टी आता माझ्याकडेच."

"असू दे की. आणि तुझ्याकडे अंधार झाला की? गाणी काय फुंकून साफ करणार?"

सिरोने चांदीतली पट्टी खिशात ठेवली.

"या नव्या लॅपटॉपला अंधार कळत नाही. इथे येऊन बस. माझे फोटो मी सकाळी उरकीन."

"कॉफी?"

"चुलीवर आहे. तिला कुठे वीज लागते?"

आता सिरो आपल्याकडे अंधार झाला की गाणी साफ करायला येतो. उजेड असला तरी येतो, बॅटरी किती उरली ते बघायला. दिवसभर पुरते खरी, पण नव्या यंत्राचा काय भरवसा, लक्ष ठेवलेलं बरं, असं त्याचं मत आहे. ओनेलियालाही ते पटतं.