पुठ्ठ्यावरचा निळा हात

"सर, बाबांचो हात गेलो!"

तन्वी एवढ्या जोरात ओरडली की मुख्याध्यापिकाबाई दचकून उठल्या. आठवीच्या वर्गाच्या त्या भिंतीवर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण माझ्या थर्मल कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मिनिटापूर्वी तिथे पिवळाधमक पंजा होता. आता नुसता जांभळा रंग.

हा कॅमेरा म्हणजे माझी पोटापाण्याची विद्या. प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणे किरण सोडत असते. डोळ्याला ते दिसत नाहीत, याला दिसतात. गरम ते पिवळं, थंड ते निळं-जांभळं. वीज कंपनीत तीस वर्षं मी सबस्टेशनं तपासत हिंडलो. तारेचा जॉइंट सैल झाला की आधी तापतो, मग जळतो. जळायच्या आधी पकडायचा, एवढंच काम. रिटायर होऊन कोकणात मिठबावला आलो आणि घरी बसवेना, म्हणून शाळांतून हे दाखवायला लागलो.

त्या दिवशी मुलांनी दिसेल तिथे हात टेकवले. स्टीलच्या ताटावर पंजा उमटतो न उमटतो तोच गायब. भिंतीवर मिनिटभर. पुठ्ठ्यावर सगळ्यात जास्त टिकला, कारण पुठ्ठ्यातून उष्णता लवकर पसरत नाही. तेवढ्यात तन्वीचे बाबा दारात आले. ते बोटीवर खलाशी. नऊ महिन्यांसाठी निघाले होते, रिक्षाने नांदगाव स्टेशनला जाऊन गाडी पकडायची होती. लेकीने हट्ट केला म्हणून भिंतीला हात टेकवला, तोच तिच्या डोक्यावरून फिरवला आणि गेले.

"सर, फोटो काढलात मां?" तन्वीने विचारलं.

काढलाच नव्हता. आमच्या धंद्याची खोड. जॉइंट तापलेला दिसला तरच सेव्ह करायचा. सगळं नीट असेल तर ओके म्हणून पुढच्या खांबाकडे.

"नाही गो बाय. राहिला."

ती रडली नाही. "माका तो व्हयो होतो," एवढंच म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"रिक्षा अजून तिठ्याच्या नाक्यावर असेल," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पण सर, पुढचा तास गणिताचा आहे हां!"

"चल, बाबांना बोलावून आणू," मी म्हटलं.

"बाबा मागे येवचे नाय," तन्वी म्हणाली आणि टेबलावरचा पुठ्ठा उचलून पळत सुटली. मी मागून धापा टाकत.

तिचंच खरं होतं. रिक्षात बसलेल्या बाबांना मी परत येता का विचारलं, तर ते म्हणाले, "सर, भायर पडलेलो माणूस मागे फिरना नाय. आवशीक कळला तर ती माका खायत." आवस म्हणजे त्यांची आई; निघालेल्याने मागे फिरणं तिच्या लेखी अपशकुन.

"मगे हयच हात लावा," तन्वीने पुठ्ठा पुढे केला.

त्यांनी पंजा दाबून धरला. सोडल्यावर मी कॅमेरा रोखला आणि कपाळावर हात मारला. पुठ्ठा सगळा पिवळा, मधोमध निळा हात.

"बाबांचो हात थंड?" तन्वीचा चेहरा एवढासा झाला.

"कशापेक्षा थंड? पुठ्ठ्याला हात लाव बघू."

तिने लावला. भर उन्हात तोच पुठ्ठा डोक्यावर धरून ती पळत आली होती. "अगो बाय! पुठ्ठोच तापलो!"

बाबा हसायला लागले. मी म्हटलं सावलीत पुन्हा घेऊ, पण रिक्षावाला ओरडला, "गाडी चुकात हां!" मग मी आहे तोच फोटो सेव्ह केला. एकदा नाही, तीनदा. रिक्षा निघाली. निळा हात पुसट होत पुठ्ठ्यात मिसळून जाईपर्यंत तन्वी स्क्रीनवरून नजर हलवेना.

त्या फोटोची प्रिंट तिने घरी चिकटवली आहे. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "हात गरमच होता. पुठ्ठा जास्त तापला होता." याहून चांगलं उत्तर मला कुठल्या शाळेत मिळालेलं नाही.

माझी मुलगी आता परदेशात असते. रविवारी फोन येतो, बाकीचे सहा दिवस तिची फार आठवण येते. तन्वीएवढी असताना ती कशी दिसायची, ते आठवायला बसलो की धड आठवत नाही. मी टूरवर असायचो. कपाटात तीस वर्षांचे फोटो आहेत, सगळे तापलेल्या जॉइंटचे. जे नीट चाललंय त्याचाही एखादा काढून ठेवावा, हे आमच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.