शेवाळातलं बिऱ्हाड

उबाल्दिना ओसोर्नोच्या स्वयंपाकघराबाहेर पेरूच्या झाडाला एक फळी ठोकलेली आहे. सकाळी चूल पेटली की आधी त्या फळीवर पाखरांसाठी पिकलेलं केळं जातं, मग नवऱ्याच्या ताटात मक्याची आरेपा पडते. अनिबालची याबद्दलची तक्रार लग्नाइतकीच जुनी आहे. केळ्यांचा घड मात्र तोच उतरवून आणतो.

आमच्या एल रोब्लाल गावातल्या कॉफीच्या उतारावर पक्षी सगळ्यांनाच दिसतात. उबाल्दिना थांबून बघते, एवढाच फरक. आर्मडिलोनं कांद्याचा वाफा उकरला तेव्हा तिनं सापळा लावला नाही. तो कुठून येतो ते पाहिलं आणि वाफा हलवला. ओढ्याकाठी जांभळं ऑर्किड कधी फुलतं हे ती सांगते, नेमकं कुठे ते सांगत नाही.

देवळातल्या नाताळच्या देखाव्याला शेवाळ तिच्या घरामागच्या दरडीवरून जातं. गोठा, मेंढपाळ, गाईगुरं, सगळं त्या हिरव्या गालिच्यावर मांडतात. आमच्याकडे रिवाज असा, की ज्या घरचं शेवाळ, त्या घरच्या बाईनं चोवीस तारखेला बाळ येशूला गव्हाणीत ठेवायचं. आधी हा मान तिच्या आईचा होता. खालच्या रस्त्यावरच्या फानीचा त्यावर कधीपासून डोळा होता.

गेल्या डिसेंबरात उबाल्दिनानं शेवाळात हात घातला आणि कानाजवळून काहीतरी भुर्रकन गेलं. झुरळखाऊ! मुठीत मावेल एवढा तपकिरी पक्षी, आवाज मात्र बँडवाल्याचा. बोटांखाली शेवाळाचाच गोळा होता. त्याला बाजूनं दार, आत अंडी. ती रिकामी टोपली घेऊन परतली. बाकीच्या दरडींवरचं शेवाळ लोकांनी केव्हाच खरवडून नेलं आहे.

दुपारी नोएमी आली. देखावा तीच मांडते आणि उबाल्दिनाच्या लेकीची ती धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात.

"कोमाद्रे, शेवाळ कुठाय? मेंढपाळ नुसत्या टेबलावर बसलेत."

"यंदा नाही. झुरळखाऊनं घरटं केलंय त्यात."

"गरुड असता तर एक वेळ समजले असते! बाजूबाजूचं काढ की."

"मग घरटं उघडं पडेल. तुझी मांजर टपलेलीच आहे."

"माझ्या मांजरीला मध्ये आणू नकोस. फानीनं लाकडाचा भुसा हिरवा रंगवून ठेवलाय, माहितेय ना? भुसा तिचा, तर बाळही तिच्याच हातात."

उबाल्दिना चुलीवरचं गुळाचं पाणी ढवळत राहिली. "आई काय म्हणाली असती गं?"

"म्हणाली कसली? चपलेनं मारलं असतं तुला."

"हो, मारलंच असतं. घे, आरेपा गरम आहे."

निघताना नोएमी दरडीकडे वळलीच. पक्षी घरट्यात शिरेपर्यंत ती हलली नाही. "जीव केवढा आणि रुबाब केवढा," म्हणाली. देवळात भुसा फानीचाच आला.

चोवीस तारखेला प्रार्थनेनंतर फानीनं नवा झगा घालून बाळ उचललं. भुशाचा रंग पुरता वाळला नव्हता, बाळ गव्हाणीत ठेवताना तिची बोटं हिरवी झाली. उबाल्दिना तिसऱ्या बाकावर होती. सकाळीच ती घरट्यातल्या पिल्लांची चिवचिव ऐकून आली होती.

"वाईट वाटतंय?" अनिबालनं हळूच विचारलं.

"वाटतंय की," ती म्हणाली. "जरा सरक, मला बाळ दिसत नाहीये."