पिक्चर निगंल बगा

तासगावच्या एसटी स्टँडामागं मी ज्यांच्याकडं दाढी करतो, त्यांना पळणाऱ्या माणसांचं भारी वेड. सकाळी भरतीची पोरं रस्त्यानं पळत गेली, की वस्तरा माझ्या गळ्यापाशी थांबतो आणि कुणाच्या आयुष्यावर पिक्चर निघेल, हे मामा ठरवतात. त्यांचा हिशेब मला कधीच कळला नाही. सगळ्यांत पुढचा पोरगा नापसंत. "त्यात काय हाय? नुसता पळतोय." मागून लंगडत येणाऱ्यावर मात्र खूश. "बाप न्हाई, पाय मोडल्याला, भरतीत बाद. लय भारी पिक्चर निगंल बगा!"

परवा त्यांची मुलगी धावण्यात जिल्ह्यात पहिली आली. आईविना वाढलेली, बेदाण्याच्या शेडवर राबून पळणारी पोर. मी हौसेनं म्हणालो, "मामा, खरा पिक्चर तर तुमच्या घरातच आहे!"

ते वस्तऱ्याला धार लावत राहिले. बाहेरून पोरं पळत गेली, तरी मान वर केली नाही. माझं काय चुकलं, मला कळेना. साबण गालावर सुकत होता.

"तिचा नगं, मास्तर," शेवटी ते म्हणाले. "पिक्चर निगायचा तर मानसाला लय सोसावं लागतंय. पोरीचं हितनं फुडं सपक जाऊ द्या. कुनी तिकीट काढून बगनार न्हाई, असं सपक."