भिंतीपलीकडच्या वन्सं

शिवणकाम करून तिनं मुलाला शिकवलं. जुन्या वस्तीत नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची. जायला वाटा तरी किती! बेकरीवरून, शाळेच्या मागून, नाहीतर सरळ कुणाच्या तरी अंगणातून. दोघींचे नवरे लवकर गेले. मग रोज एकीनं दुसरीकडे डोकवायचंच. भांडण झालं असेल तर ते पुरं करायला.

दोघींच्या मुलांनी शहराच्या टोकाला घरं घेतली, तीही मुद्दाम लागून असलेल्या वसाहतींत. "मागच्या गॅलरीतून आत्या दिसते बघ," मुलगा म्हणाला. खरंच दिसायची. मध्ये फक्त एक भिंत. पण वसाहतीला फाटक एकच, आणि आतला प्रत्येक रस्ता कुणाच्या तरी गाडीपाशी जाऊन संपायचा. नणंदेकडे जायचं तर हमरस्त्याला लागा, पुलाखालून वळा, मग तेवढंच उलटं या. मुलाच्या गाडीशिवाय जमेना, आणि मुलाला सवड रविवारी, तीही मिळाली तर.

तिनं भिंतीला लहानसं दार मागितलं. सेक्रेटरी नम्रपणे म्हणाले, चोर शिरतील. पलीकडच्यांनीही तेच सांगितलं. दोन्हीकडच्यांना चोर भिंतीपलीकडेच दिसत होते.

मग दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून, एकमेकींकडे बघत फोनवर बोलायच्या. पुढे नणंदेचे कान गेले आणि तेही संपलं.

एके दिवशी नणंद सकाळपासून गॅलरीत आलीच नाही. भाचा कामावर, फोन उचलेना. ही चपला घालून निघाली. हमरस्त्याला फुटपाथ नव्हता. ट्रक अगदी अंगावरून जात होते. पोहोचेपर्यंत पाय भरून आले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं वर फोन लावला. कुणी उचलला नाही.

"त्यांना ऐकू येत नाही रे, म्हणून तर चालत आले."

"आजी, वरून होकार आल्याशिवाय सोडता येत नाही."

त्यानं स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. आत मात्र सोडलं नाही. बराच वेळ बसून ती परत फिरली. संध्याकाळी भाच्यानं कळवलं, साधा ताप आहे, काळजी नको.

रविवारी मुलानं तिला नेऊन सोडलं. नणंदेनं तिचा हात धरला.

"वहिनी, इतकी शेजारी राहतेस, आणि मी तापानं पडले तर एकदाही डोकावली नाहीस?"

"वन्सं, आले होते."

"आलं? आहे ना घरात," नणंद उठत म्हणाली. "घालते चहात."

तिनं पुन्हा सांगितलं नाही. आत भांड्यांचा आवाज होत राहिला, आणि ती पदरानं डोळे टिपत बसली.